समोरची खुर्ची

यंदाच्या अंकाचा विषय कळवताना संपादकांनी मोजकंच लिहिलं होतं : बाजू बदललेल्या माणसांवर लिहा, पण राजकारणी नकोत. राजकारणी वगळले की या विषयात उरतं काय, असा प्रश्न कोणालाही पडेल. मला आठवला तो टीव्हीवरच्या प्रश्नमंजुषेचा खेळाडू. उत्तरं देणाऱ्याच्या खुर्चीतून उठून प्रश्न विचारणाऱ्याच्या जागी जाऊन उभा राहिलेला. असा जगप्रसिद्ध माणूस अमेरिकेत आहे, त्याचं नाव केन जेनिंग्ज. आपल्याकडे ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू होऊन पंचवीस वर्षं झाली, पण त्या खुर्चीतून या खुर्चीत कोणी गेलेलं दिसत नाही. का गेलं नसावं, हे बघायला खरं तर गोरेगावच्या फिल्मसिटीत जायला हवं. मी गेलो मेढ्याला.

मेढा म्हणजे सातारा जिल्ह्यातल्या जावळी तालुक्याचं ठाणं. साताऱ्याहून केळघरच्या घाटाने महाबळेश्वरला जाताना वाटेत लागतं. वेण्णा नदी, एसटी स्टँड, तहसील कचेरी, बाजारपेठ आणि पावसाळ्यात न थांबणारा पाऊस. गणपतीत गाव दुप्पट होतं. जावळीतली कितीतरी माणसं पिढ्यानपिढ्या माथाडी म्हणून मुंबईत, आता नवी मुंबईच्या बाजार समितीत आहेत, ती सगळी परततात. आणि अशा वेळी मंडळाच्या कार्यक्रमपत्रिकेत भजन, रांगोळी, महिलांसाठी ‘खेळ पैठणीचा’ याच्या जोडीने एक ओळ हमखास असते : सामान्यज्ञान प्रश्नमंजुषा, रात्री ८ वाजता.

मांडवातली घंटा

पत्र्याच्या मांडवात चार टेबलं, प्रत्येक टेबलाशी चार पोरं. संघांची नावं अजिंक्यतारा, वासोटा, वैराटगड, मकरंदगड. बक्षिसांच्या टेबलावर एक मिक्सर, काही स्टीलचे डबे आणि पाकिटं. माइकवर जवळच्या शाळेतले एक सर. वय पन्नाशीच्या आसपास, खिशात दोन रंगांची पेनं, हातात पुठ्ठ्याची फाइल.

त्यांच्यासमोर एक लाकडी खोकं होतं. त्यावर चार रंगीत दिवे आणि खालून चारही टेबलांकडे गेलेल्या वायरी. गावातल्या वायरमनने करून दिलेलं. वायरी जोडतानाच त्याने अशी सोय केली होती की ज्या संघाचं बटण आधी दाबलं जाईल त्याचा दिवा लागतो आणि त्याच क्षणी बाकी तिघांचा करंट तुटतो. मग त्यांनी बटण कितीही बडवलं तरी उपयोग नाही. सरांनी कार्यक्रमाआधी चौघांना बटण दाबायला लावून दिवे तपासले, आणि पोरांना बजावलं की प्रश्न पुरता वाचून होण्याआधी ज्याचा दिवा लागेल त्याची ती पाळी गेली.

पहिल्या दोन फेऱ्या बिनबोभाट गेल्या. तिसऱ्या फेरीत सरांनी विचारलं : प्रतापगड कोणत्या तालुक्यात आहे?

लाल दिवा. ‘जावळी!’ वासोटा संघाची पोरगी जवळजवळ ओरडलीच. मांडवात टाळ्या.

‘चूक,’ सर म्हणाले.

टाळ्या थांबल्या नाहीत, त्यांचा आवाज फक्त बदलला. मागून एक अप्पा उठून उभे राहिले. ‘अहो सर, चंद्रराव मोऱ्यांची जावळी. खान आला तो जावळीच्या खोऱ्यात. आणि गड तेवढा दुसऱ्या तालुक्यात कसा?’

सरांनी माइक खाली धरला, फाइलमध्ये बघितलं, मग पुन्हा वर घेतला. महाराजांनी १६५६ मध्ये जावळी घेतली, १० नोव्हेंबर १६५९ ला खानाची भेट झाली ती जावळीतच, अप्पा म्हणतात ते खरं. पण आजच्या सरकारी नकाशात गड महाबळेश्वर तालुक्यात येतो. ‘प्रश्नात मी “आज” म्हटलं नव्हतं. तेव्हा प्रश्न रद्द. वासोट्याचे गुण कापायचे नाहीत, कोणाला द्यायचेही नाहीत. पुढचा प्रश्न.’

अप्पा खाली बसले. पोरगीही. हा निर्णय द्यायला सरांना अर्ध्या मिनिटाहून कमी वेळ लागला असेल. सरांना मंडळाने कशासाठी बोलावलं होतं, ते त्या अर्ध्या मिनिटात दिसलं.

नंतर चहा घेताना कळलं की सर स्वतः शाळेत असताना तालुक्याची, मग जिल्ह्याची स्पर्धा जिंकलेले. ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झालं तेव्हा एसटीडी बूथवरून फोन लावून लावून त्यांनी बरेच रुपये घालवले होते. लाइन कधी लागली नाही. शिष्यवृत्तीची पोरं तयार करता करता हेच प्रश्न विचारायचं काम अंगावर पडलं. त्यात बाजू वगैरे बदलली असं त्यांना वाटलेलंच नाही.

पंच वेगळा, निवेदक वेगळा

खेळलेल्या माणसानेच निकाल द्यावा, ही गोष्ट सातारा-सांगलीच्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही, कारण त्याने कुस्त्यांची मैदानं पाहिलेली असतात. मैदानात हलगी वाजत असते, आणि माइकवर निवेदक असतो. त्याचा पल्लेदार आवाज, पैलवानाच्या तालमीचा, वस्तादाचा, गावाचा तपशील, इनाम पुकारण्याची लकब, हे सगळं म्हणजे या भागातला एक स्वतंत्र धंदाच आहे. चांगल्या निवेदकाच्या तारखा यात्रांच्या हंगामात आधीच लागलेल्या असतात. बैलगाडा शर्यतीतही तेच. पण निवेदक कितीही गाजलेला असो, पाठ टेकली की नाही हे तो ठरवत नाही. ते ठरवतो पंच. आणि पंच लाल मातीत लोळलेलाच लागतो. ऑलिंपिकचं पदक आणणारे खाशाबा जाधव ज्या कराडजवळच्या गोळेश्वरचे, त्या मुलखात कुस्ती न खेळलेल्या माणसाने शिट्टी तोंडात धरली तर लोक ती काढून घेतील.

म्हणजे आखाड्यात तीन कामं आहेत : जोड लावणं, निकाल देणं आणि रंगत आणणं. तिन्ही कामांना वेगवेगळी माणसं असतात. प्रश्नमंजुषेतही हीच तीन कामं असतात. कोणीतरी प्रश्न काढतो, कोणीतरी बरोबर-चूक ठरवतो, कोणीतरी माइकवर बोलतो. मेढ्याच्या मांडवात तिन्ही कामं एकाच मास्तरच्या गळ्यात होती, कारण मंडळाला तीन माणसं परवडत नाहीत. टीव्हीवर यातलं एकच काम दिसतं, बाकीची दोन पडद्यामागे जातात. दिसायला कोणतं ठेवायचं, याचा निर्णय अमेरिकेत एक झाला आणि आपल्याकडे दुसरा.

चौऱ्याहत्तर डाव

अमेरिकेतल्या त्या खेळाचं नाव ‘जेपर्डी’. त्याची गंमत अशी की यजमान उत्तरासारखी माहिती वाचतो आणि खेळाडूने प्रश्नाच्या रूपात बोलायचं. ‘वेण्णेवरचं साताऱ्याजवळचं धरण’ असं त्यांनी म्हणायचं, आपण ‘कण्हेर म्हणजे काय?’ असं विचारायचं. एका भागात अशा ६१ ओळी असतात आणि जाहिराती वगळून हातात वीस-बावीस मिनिटं. दिवसाकाठी पाच भाग चित्रित होतात. जिंकणारा दुसऱ्या भागासाठी शर्ट बदलून येतो, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं दुसरा दिवस उजाडला.

पूर्वी पाच डाव जिंकले की खेळाडूला निरोप देत. २००३ मध्ये ती मर्यादा उठवली आणि पुढच्याच वर्षी सॉल्ट लेक सिटीतला एक सॉफ्टवेअर अभियंता तिथे आला. केन जेनिंग्ज, तीस वर्षांचा. लहानपण दक्षिण कोरियात गेलेलं, तिथल्या अमेरिकन फौजेच्या वाहिनीवर हाच खेळ बघत वाढलेला. २ जून २००४ ला त्याचा पहिला भाग लागला आणि ३० नोव्हेंबरला तो हरला. मधल्या काळात सलग ७४ डाव जिंकून त्याने २५,२०,७०० डॉलर मिळवले. हरला तो एका करसल्लागार कंपनीच्या नावावर. वर्षातले चारच महिने काम करणारे सत्तर हजार हंगामी कर्मचारी कोणाकडे असतात, या अर्थाची ती शेवटची ओळ. उत्तर होतं ‘एच अँड आर ब्लॉक’, त्याने लिहिलं कुरिअर कंपनी ‘फेडेक्स’.

इतके डाव तो जिंकला ते नुसत्या पाठांतरावर नव्हे. ‘जेपर्डी’च्या बटणाला मेढ्याच्या खोक्यासारखाच नियम आहे, फक्त जास्त कडक. यजमानाचं वाचून होईपर्यंत बटणं बंद असतात. वाचून होताच एक कर्मचारी ती चालू करतो आणि फळ्याच्या कडेला प्रेक्षकांना न दिसणारे दिवे लागतात. त्याआधी ज्याचं बोट पडलं त्याचं बटण पाव सेकंद मुकं होतं. तिघांनाही उत्तर येत असतं, तेव्हा डाव त्या पाव सेकंदात ठरतो. यजमान कुठे श्वास घेतो, शेवटचा शब्द किती लांबवतो, हे ज्याच्या कानात बसलं त्याचं बोट नेमकं पडतं. जेनिंग्जने अॅलेक्स ट्रेबेक या यजमानाचा आवाज सलग पंचाहत्तर डाव इतक्या जवळून ऐकला होता.

ट्रेबेक १९८४ पासून त्या जागी होते. आठ हजारांहून जास्त भाग. चित्रपटांतला नट नव्हे, बातम्या आणि खेळांचे कार्यक्रम करून आलेला निवेदक. पण त्यांनी स्वतःची भूमिका पंचाची ठेवली. प्रश्न नीट वाचायचा, नावाचा उच्चार चुकवायचा नाही, चुकलेल्याला लाजवायचं नाही. ८ नोव्हेंबर २०२० ला कर्करोगाने ते गेले तेव्हा त्यांची जागा भरणं ही कंपनीपुढची मोठी पंचाईत झाली. ११ जानेवारी २०२१ पासून पाहुणे यजमान आले, त्यात पहिला जेनिंग्ज. ट्रेबेक यांच्या पत्नीने दिलेली त्यांची कफलिंक्स त्याच्या बाहीला होती.

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर ती हिंदी सिनेमाची झाली असती. तसं झालं नाही. जेनिंग्जचे जुने ट्वीट बाहेर आले, त्यातला एक अपंगांची चेष्टा करणारा. त्याला माफी मागावी लागली. कायमचा यजमान म्हणून कंपनीने निवडला तो कार्यक्रमाचा निर्माता माइक रिचर्ड्स. म्हणजे निवड करणाऱ्यांच्या टेबलावरचाच माणूस उमेदवार निघाला. त्याच्या जुन्या पॉडकास्टमधली बायकांबद्दलची शेरेबाजी उघड झाली आणि एका दिवसाचं चित्रीकरण करून, ऑगस्ट २०२१ मध्ये त्याने ती जागा सोडली. मग नटी मायिम बियालिक आणि जेनिंग्ज आळीपाळीने. डिसेंबर २०२३ मध्ये बियालिक बाजूला झाल्या आणि खुर्ची एकट्या जेनिंग्जची झाली. खरं तर खुर्ची म्हणणं चूक, तिथे यजमान उभाच असतो.

यजमान म्हणून त्याचे भाग पाहताना माझं लक्ष एका गोष्टीकडे जायचं. खेळाडू चुकीचं पण जवळपासचं उत्तर देतो तेव्हा जेनिंग्जला ते उत्तर का सुचलं हे कळलेलं असतं. तो अर्ध्या वाक्यात तसं सांगतो आणि पुढे जातो. कार्डावर फक्त बरोबर उत्तर असलेल्याला हे जमणार नाही. त्या टेबलामागे किती घाम फुटतो हे त्याला माहीत आहे. २०११ मध्ये आयबीएमच्या वॉटसन या संगणकाकडून तो याच खेळात हरला, आणि शेवटच्या उत्तराखाली नव्या संगणक-सत्ताधीशांचं स्वागत करणारी एक खट्याळ ओळ लिहून मोकळा झाला. त्याला हरता येतं, हे लोकांनी तेव्हाच पाहिलं होतं.

तीन जुलैची रात्र

आता आपल्याकडे. ३ जुलै २००० ला ‘स्टार प्लस’वर ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झालं. मूळ खेळ इंग्लंडचा, १९९८ चा. रात्री नऊला गल्ल्या ओस पडायच्या हे त्या काळातल्या कोणालाही विचारावं. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पहिला करोडपती झाला तो मराठी : मुंबईचा हर्षवर्धन नवाथे, सत्तावीस वर्षांचा, पोलीस अधिकाऱ्याचा मुलगा, यूपीएससीचा अभ्यास करणारा. एक कोटीचा प्रश्न होता की यांपैकी कोणाला राज्यघटनेने संसदेच्या कामकाजात भाग घेण्याची मुभा दिली आहे. उत्तर, अॅटर्नी जनरल. कलम ८८. त्यांना बोलता येतं, मत देता येत नाही. हे कलम स्पर्धा परीक्षेच्या पोराला येतंच. मेढ्यातही अभ्यासिकेत बसणाऱ्या कोणालाही विचारा.

नवाथेंना पुढचे काही महिने रस्त्यावर चालणं अवघड झालं. सत्कार, उद्घाटनं, सह्या. यूपीएससी मागे पडली. मग ते व्यवस्थापन शिकायला एडिंबरोला गेले, परतून महिंद्रसारख्या उद्योगसमूहात नोकरीला लागले, अभिनेत्री सारिका निलाटकर यांच्याशी त्यांचं लग्न झालं. सरळमार्गी, चांगलं आयुष्य. पण देशातल्या सगळ्यात गाजलेल्या प्रश्नमंजुषेचा हा पहिला विजेता कुठल्या मोठ्या प्रश्नमंजुषेचा यजमान झाला नाही.

कारण तोवर जागा भरल्या होत्या. करोडपतीचं यश बघून ‘झी’ने अनुपम खेर आणि मनीषा कोईराला यांना घेऊन ‘सवाल दस करोड का’ काढलं, ‘सोनी’ने गोविंदाला घेऊन ‘जीतो छप्पर फाड के’. नीना गुप्तांचं ‘कमजोर कडी कौन’ आलं. २००७ ला खुद्द करोडपतीत अमिताभ बच्चन यांच्या जागी शाहरुख खान आला. मराठीत २०१३ ला ‘कोण होईल मराठी करोडपती’ सुरू झालं तेव्हा सचिन खेडेकर, मग स्वप्नील जोशी. २०१९ ला ‘सोनी मराठी’वर ‘कोण होणार करोडपती’ आलं तेव्हा नागराज मंजुळे, पुढे पुन्हा खेडेकर. सगळी नटांची किंवा दिग्दर्शकांची नावं. प्रश्नमंजुषा खेळून आलेलं एकही नाही.

यात गंमत अशी की या सगळ्याच्या मुळाशी असलेला माणूस मात्र अस्सल प्रश्नवाला होता. १९८५ मध्ये दूरदर्शनवर ‘क्विझ टाइम’ सुरू झालं, कॉलेजांच्या संघांचं. त्याचे यजमान सिद्धार्थ बसू. पुढे ‘मास्टरमाइंड इंडिया’ त्यांनीच केलं, समोरच्याला घाम फोडणाऱ्या थंड आवाजात. करोडपती त्यांच्याच संस्थेने उभं केलं. प्रश्नांची बाजू त्यांनी सांभाळली आणि खुर्ची बच्चन यांना दिली. पंच मागे गेला, त्याचं नाव ‘कॉम्प्युटरजी’ झालं, आणि समोर राहिला तो निवेदक.

यात बच्चन यांना कमी लेखायचं काही कारण नाही. निवेदक म्हणून त्यांच्या तोडीचा माणूस सापडणार नाही. घाबरलेल्या माणसाला पाणी देणं, त्याच्या आईशी बोलणं, कोणाची फजिती होऊ न देता थोडी थट्टा करणं, हे सोपं नाही. पण त्या खेळात प्रश्नापेक्षा भेट मोठी असते. घरचा व्हिडिओ, कर्ज, आजारपण, मुलीचं शिक्षण, आणि या सगळ्याच्या पलीकडे बसलेला महानायक. अशा रचनेत समोर कालचा विजेता बसवला तर भेटच उरत नाही. उरतात नुसते प्रश्न. त्यांना जाहिराती मिळत नाहीत, असं वाहिन्यांना वाटत असावं. मला ते पूर्ण पटत नाही. ‘जेपर्डी’ नुसत्या प्रश्नांवर चार दशकं चाललं आहे.

जिंकून घरी गेलेले

मग आपल्याकडचे विजेते जातात कुठे? घरी.

अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे शाळेत खिचडी शिजवायच्या, महिना दीड हजार रुपयांवर. २०१९ मध्ये त्यांनी एक कोटी जिंकले. सात कोटींच्या प्रश्नाशी थांबल्या. त्यांचं शांतपणे विचार करून बोलणं लोकांच्या लक्षात राहिलं आणि त्या वर्षीच्या निवडणुकीत जिल्हा प्रशासनाने मतदार जागृतीसाठी त्यांना पुढे केलं. म्हणजे माइक मिळाला, पण दुसऱ्याच कामाचा.

बिहारच्या मोतिहारीचे सुशील कुमार यांनी २०११ ला पाच कोटी जिंकले. रोजगार हमीच्या कचेरीत संगणक चालवणारा तरुण. पैसा, फसवणारी माणसं, व्यसन, आणि त्यातून बाहेर येणं, हे सगळं त्यांनी पुढे २०२० मध्ये स्वतः उघडपणे लिहिलं. नंतर ते चाफ्याची झाडं लावत आणि चिमण्यांची घरटी बांधत गावोगाव हिंडले, आणि अलीकडे परीक्षा देऊन सरकारी शाळेत शिक्षक झाले. जेनिंग्जइतका डामडौल नाही, पण उत्तरं देणारा माणूस प्रश्न विचारणाऱ्याच्या जागी गेला तो असा. मला तर यात एक गोष्ट दिसली : आपल्याकडे ही वाट वर्गातून जाते.

मेढ्यात करोडपतीचा विषय काढला की या नावांआधी दुसरीच गोष्ट निघते. मोबाइलवर आलेला निरोप : तुमच्या नंबरला पंचवीस लाखांची लॉटरी लागली, अमुक नंबरवर बोला, आधी कराचे पैसे भरा. बच्चन यांचा फोटो, खोटा शिक्का, आणि नंबर बहुधा परदेशातला. पोलिसांनी वर्षानुवर्षं सावध करूनही पैसे भरणारे आहेत. खरा खेळ असा चालत नाही. टीव्हीवर नोंदणीचे प्रश्न येतात, ॲपवर किंवा फोनवरून उत्तरं द्यायची, त्यातून संगणक नावं काढतो, मग फोनवर चाचणी, मग शहरात बोलावून लेखी परीक्षा आणि मुलाखत. त्यातून दहाजण त्या गोल मंचावर. त्यांनीही आधी सगळ्यात लवकर बरोबर उत्तर द्यायची शर्यत जिंकली तर खुर्ची. करही आधी भरायचा नसतो, बक्षिसातूनच कापला जातो. कोटीमागे साधारण एक तृतीयांश सरकारकडे जातो. सरांनी प्रश्नमंजुषेच्या शेवटी माइकवरून हे सगळं सांगितलं. बायकांच्या बाजूने एक-दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. त्यांच्याकडेही तो निरोप आला असावा.

चार पर्याय

प्रश्न काढणं हे उत्तर देण्याहून अवघड काम आहे, हे ज्याने एकदा काढून पाहिले त्यालाच कळतं. पुठ्ठ्याच्या फाइलमधल्या सरांच्या कागदांवर प्रत्येक प्रश्नापुढे तीन खुणा होत्या. निळी म्हणजे एका पुस्तकात पाहिलं. लाल म्हणजे दुसऱ्या ठिकाणी ताडून पाहिलं. आणि गोल म्हणजे हा प्रश्न वर्षभरात बदलू शकतो, कार्यक्रमाच्या सकाळी पुन्हा बघायचा. महाराष्ट्रात जिल्हे किती, या प्रश्नाला तसला गोल होता. २०१४ ला पालघर झाल्यापासून उत्तर ३६ आहे, पण नव्या जिल्ह्यांची चर्चा दरवर्षी उठते. सातारा जिल्ह्यात तालुके ११, त्याला गोल नव्हता.

पर्यायांचं गणित त्याहून नाजूक. चारपैकी तीन चुकीचे हवेत, पण वेडगळ नकोत. चुकणाऱ्याला चुकताना आपण विचार केला असं वाटलं पाहिजे. वेण्णा कृष्णेला कुठे मिळते, या प्रश्नाला संगम माहुली हे उत्तर. पर्यायांत कराड ठेवायचं, कारण कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम सगळ्यांच्या डोक्यात असतो. वाई ठेवायची, कारण तिथे कृष्णेचे घाट आहेत. चौथा पर्याय सांगली. छत्रपती संभाजीनगर किंवा नागपूर ठेवलं तर पोरं हसतील आणि प्रश्न वाया जाईल.

वाईचा विषय निघाला म्हणून. मेढ्याहून डोंगराला वळसा घातला की वाई, आणि वाईत मराठी विश्वकोशाचं कार्यालय. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी प्रमुख संपादक, १९७६ ला पहिला खंड आला, ‘अंक’पासून ‘आतुरचिकित्सा’पर्यंत. अशा एकेका खंडासाठी साऱ्या विद्याशाखांतल्या अभ्यासकांकडून नोंदी लिहवून, तपासून, कापून, पुन्हा लिहवून घेतल्या गेल्या. आता सगळे खंड संकेतस्थळावर वाचता येतात, पण सरांची पिढी वाचनालयात जाऊन ते जाडजूड खंड उघडून बघणारी. भारतातली सगळ्यात मोठी मराठी प्रश्नपेढी वीस खंडांत बांधून या मुलखात ठेवलेली आहे आणि टीव्हीवरच्या मराठी प्रश्नमंजुषेत तिचं नावही क्वचित निघतं, हे मला विचित्र वाटतं.

आपल्या देशात इंग्रजी क्विझचा एक वेगळा प्रवाह आहे. कोलकात्यात नील ओब्रायन यांनी १९६७ मध्ये भरवलेल्या स्पर्धेपासून तो सुरू झाल्याचं मानलं जातं. त्यांचे चिरंजीव डेरेक यांनी पुढे ‘बोर्नव्हिटा क्विझ’चा चेहरा म्हणून नाव मिळवलं आणि नंतर खासदार झाले. (राजकारणी नकोत, ही अट माझ्या लक्षात आहे.) त्या वर्तुळात खेळणारेच पुढे प्रश्न विचारतात, ही रीत रुळलेली आहे. रविवारी खेळायचं, पुढच्या रविवारी आपण विचारायचं. पण ती वर्तुळं शहरातली, कॉलेजातली आणि इंग्रजीतली. मराठीत या रीतीची जागा शाळेने, शिष्यवृत्तीच्या वर्गाने आणि स्पर्धा परीक्षेच्या क्लासने घेतली. एमपीएससीची पूर्व परीक्षा दोनदा काढलेला, मुख्यला अडकलेला पोरगा साताऱ्याच्या क्लासमध्ये चालू घडामोडी शिकवायला लागतो तेव्हा त्याला कोणी यजमान म्हणत नाही. पण तो करतो ते काम तेच.

तिची फेरी

प्रतापगडच्या प्रश्नावर ओरडलेली वासोटा संघातली ती पोरगी दहावीची. तिच्या बाजूला बसून गुण लिहीत होती ती मुलगी तिच्याहून पाचसहा वर्षांनी मोठी. पूर्वी याच मांडवात ओळीने जिंकलेली. आता साताऱ्यात राहून राज्यसेवेचा अभ्यास करते. सकाळी अभ्यासिका, दुपारी एका क्लासमध्ये पेपर तपासणं, गणपतीला घरी. सरांनी तिला शेवटची फेरी काढायला सांगितली होती, साठ सेकंदांची, एका दमात दहा प्रश्न.

कार्यक्रमाआधी दुपारी शाळेच्या व्हरांड्यात दोघांनी ती फेरी तपासली, तेव्हा मी तिथे होतो. सरांनी तिच्या दहा प्रश्नांतले चार खोडले. एक फार लांब होता, साठ सेकंदांत बसणारा नव्हता. एकाची दोन उत्तरं निघत होती. एकाचं उत्तर पुढच्याच प्रश्नात दडलेलं होतं. चौथ्यावरून वाद झाला : महाबळेश्वरला किती नद्या उगम पावतात?

‘पाच,’ सर म्हणाले. ‘कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री.’

‘सर, देवळात सात सांगतात. सरस्वती आणि भागीरथी धरून.’

‘त्या दोन भूगोलात आहेत का?’

‘पण लोकांच्या तोंडी आहेत. कोणीतरी सात म्हणणार, आणि अप्पा उभे राहणार.’

सर हसले. अप्पा दरवर्षी उभे राहतात हे तिलाही माहीत होतं. तिने पेन घेतलं, प्रश्न खोडला आणि खाली दुसरा लिहिला : महाबळेश्वरला उगम पावणाऱ्या नद्यांपैकी अरबी समुद्राकडे वाहणारी कोणती? सरांनी तो दोनदा वाचला. उत्तर सावित्री, पण गायत्रीही पश्चिमेला उतरते असं काही पुस्तकांत येतं, याची त्यांनी आठवण करून दिली. तिने पुन्हा खोडला. शेवटी ठरलं ते असं : कण्हेर धरण कोणत्या नदीवर आहे? सोपा आहे, ती कुरकुरली. साठ सेकंदांत सोपाच लागतो, सर म्हणाले, आणि गावातल्या निम्म्या पोरांना वेण्णेचं नाव येतं, धरणाचं येत नाही.

रात्री ती फेरी तिनेच घेतली. सरांनी माइक तिच्या हातात दिला आणि स्वतः खोक्याजवळ जाऊन बसले, दिवा कोणाचा लागतो ते बघायला. मकरंदगडने दहापैकी सात बरोबर दिले, त्यात कण्हेर नव्हतं. पहिल्या प्रश्नांना तिचा आवाज जरा घाईत गेला, शेवटच्या प्रश्नांच्या वेळी तिने प्रश्नातला शेवटचा शब्द नीट लांबवायला सुरुवात केली होती. पुढच्या वर्षी सगळे प्रश्न तिने काढायचे असं बक्षीस समारंभात ठरूनही गेलं. मंडळाच्या अध्यक्षांनी अट घातली ती एकच : गाण्याच्या भेंड्यांची फेरी गाळायची नाही, बायका त्यासाठीच थांबतात.